मुसार साधना: तेरा गुण, तेरा आठवडे, पण वहीत नेमकं लिहायचं काय?

धरमपेठ वाचनकट्टा

नमस्कार मंडळी. आमचा पाच जणांचा गट आहे, दर रविवारी सकाळी तासभर बसतो. ज्यू परंपरेतली मुसार साधना, म्हणजे एकेक स्वभावगुण घेऊन स्वतःला घडवण्याचा अभ्यास, तेरा आठवडे करून पाहायची असं ठरवून राहिलो आहोत. आमच्यात ज्यू कोणी नाही. मेनाखेम मेंडेल लेफिन यांच्या १८०८ सालच्या 'खेश्बोन हानेफेश' या पुस्तकातली तेरा गुणांची यादी हाताशी आहे. गुण त्याच क्रमाने घ्यायचे की आपापले निवडायचे? रोज वेळ किती द्यायचा? वहीत काय लिहायचं? दोघांनी आधीच सुरुवात केली होती, पण वही म्हणजे नुसती चुकांची यादी झाली आणि दहा दिवसांत बंद पडली. शिवाय एक मूळ शंका: हे आपल्या षड्रिपूंसारखंच आहे का?

इतवारीकर

शेवटच्या शंकेपासून सुरू करतो, कारण वही बंद पडली त्याचं कारण तिथेच आहे. मुसारमध्ये स्वभावगुणाला 'मिद्दा' म्हणतात, अनेकवचन 'मिद्दोत'. हिब्रूत मिद्दा म्हणजे माप. रिपू म्हटला की त्याला मारायचं असतं. माप म्हटलं की ते कमी पडलं की जास्त झालं, एवढंच बघायचं. 'आनावा' म्हणजे नम्रता घ्या. बैठकीत सगळ्यांचं बोलणं तोडणाऱ्याने त्या आठवड्यात ऐकून घ्यायचा अभ्यास करायचा. कोपऱ्यात गप्प बसणाऱ्याने त्याच आठवड्यात रोज एकदा तरी आपलं मत स्पष्ट मांडायचं. गुण एकच, पण दुरुस्ती उलट्या दिशांनी. म्हणून 'आज चुकलो' एवढ्याने भागत नाही. कोणत्या बाजूला गेलो आणि किती, हे लिहावं लागतं.

'खेश्बोन' आणि अरबीतून मराठीत आलेला 'हिशेब' हे एकाच सेमिटिक धातूचे शब्द आहेत. पुस्तकाचं नावच 'जिवाचा हिशेब'. आणि ज्या हिशेबात जमेची बाजूच नाही तो हिशेब कसला? जिथे जमलं तेही तितक्याच नेमकेपणाने लिहा. तुमच्या दोघांच्या वहीत हेच राहून गेलं असणार.

वेळ म्हणाल तर सकाळी दोन-तीन मिनिटं, रात्री पाच-सात. सकाळी त्या आठवड्याच्या गुणाचं एक छोटं वाक्य मोठ्याने म्हणायचं. रात्री तीन ओळी लिहायच्या: प्रसंग काय होता, त्या क्षणी अंगात आणि मनात काय झालं, आणि प्रत्यक्षात काय केलं. 'मी फार उतावळा आहे' असं वाक्य आलं की खोडून टाका, तो निकाल झाला. नोंद अशी हवी: 'दुपारी अडीच, बँकेची रांग, पुढच्या काकांना फॉर्म भरायला वेळ लागत होता, जबडा आवळला, दोनदा ऐकू जाईल असा सुस्कारा टाकला.' अशा वीस नोंदी झाल्या की त्यातला सुस्कारा आपसूक नजरेत भरतो.

क्रमाबद्दल: यादी मनःशांतीने सुरू होते, मग धीर, मग सगळं जागच्या जागी ठेवणं, अशी पुढे जाते. एका गुणाला एक आठवडा, तेरा झाले की पुन्हा पहिला. वर्षात चार फेऱ्या, ५२ आठवडे. पहिल्या फेरीत यादीचाच क्रम ठेवा. स्वतः निवडायला बसलं की माणूस सोपा गुण आधी उचलतो. ज्यू नसल्याचा संकोच तर अजिबात नको. ही तेरा गुणांची मांडणी लेफिन यांनीच अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडून घेतली होती.

रामदासपेठ

इतवारीकरांच्या मापाला एक जोड देते. मधला मार्ग धरावा, आणि सवय एका टोकाला गेली असेल तर काही काळ मुद्दाम उलट्या टोकाचं वागून मग मध्यावर यावं, हा नियम ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदेस (मृत्यू १२०४) यांनी घालून दिला. पण गर्व आणि राग त्यांनी यातून वगळले. या दोघांपासून शक्य तितकं लांब राहायचं. घरच्यांना वळण लावायला रागाचा आव आणावा, आत मात्र शांत असावं, इतकीच सूट. तेव्हा या दोन ठिकाणी रिपूची कल्पना बरीच जवळ येते.

आणखी एक. यादीत औदार्य वेगळं नाही, काटकसर आहे. त्या आठवड्यात हात नको इतका आखडू नये यासाठी मैमोनिदेस यांचाच दुसरा सल्ला धरा: हजार नाणी एकदम एकाला देण्यापेक्षा एकेक नाणं हजार वेळा दिलं तर देण्याची सवय हाताला लागते. म्हणजे महिन्याचे तीनशे एकदम नकोत. रोज दहाची नोट, आणि डबा दाराजवळ, चपला घालताना दिसेल असा.

धरमपेठ वाचनकट्टा

दोघांचेही आभार. धीराच्या आठवड्यात 'आठवडाभर कोणावर चिडायचं नाही' असा नेम धरला तर चालेल ना?

इतवारीकर

नाही चालणार भाऊ. मोठा नेम पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत मोडतो, आणि एकदा मोडला की उरलेला आठवडा माणूस वही उघडत नाही. अशा नेमाला 'काबाला' म्हणतात. ज्यू गूढविद्येचं नावही तेच आहे, पण इथे अर्थ साधा: स्वीकारलेली गोष्ट. ती इतकी लहान हवी की रात्री 'केली' किंवा 'नाही केली' असं एका शब्दात उत्तर देता यावं. उदाहरणार्थ, 'ऑफिसला जाताना व्हरायटी चौकात सिग्नल हिरवा झाला की मनात दहा मोजेपर्यंत अंगठा हॉर्नवर न्यायचा नाही.' दिवसातून एकदा, त्याच चौकात, बस.

प्रसंग कोणता निवडायचा, यासाठी रब्बी (ज्यू धर्मगुरू) एलियाहू देस्लर (१८९२–१९५३) यांचा 'निवडीचा बिंदू' फार उपयोगी आहे. दोन सैन्यं समोरासमोर आहेत. मागचा मुलूख एकाने जिंकलेला, पलीकडचा दुसऱ्याच्या ताब्यात. लढाई होते ती फक्त जिथे दोघं भिडलेत तिथे, आणि ही आघाडी पुढे-मागे सरकत असते. जे न सांगता जमतं त्याचा नेम करण्यात अर्थ नाही. दहापैकी दहा वेळा जे हुकतं तेही आत्ता नको. दहापैकी चार-पाच वेळा जमतं, असा प्रसंग शोधा.

धीराला हिब्रूत 'सावलानुत' म्हणतात, आणि 'साबाल' म्हणजे हमाल. दोन्ही एकाच धातूचे. कळमना बाजारात हमाल पोतं पाठीवर घेतो तेव्हा ते हलकं झालेलं नसतं. तसंच इथे चीड येणारच. ती येऊ नये अशी अपेक्षा या आठवड्यात ठेवूच नका. ती अंगावर असताना दहा पावलं चालायची आहेत.

फुटाळ्याकाठी

वाचनाचा भाग सुटला, तो लिहिते. रब्बी इस्राएल सलांतर यांनी १८४०च्या दशकात विल्नात (आजचं लिथुआनियातलं विल्नियस) मुसारची चळवळ उभी केली. लेफिन यांचं पुस्तक पुन्हा छापलं गेलं तेही त्यांच्याच प्रेरणेने. त्यांचं निरीक्षण असं की बुद्धीला पटलेलं ऐन वेळी कामाला येत नाही, कारण तेव्हा माणसाला मनातल्या अंधूक शक्ती ओढतात. फ्रॉइडच्या कितीतरी आधी ते हे सांगत होते. त्या शक्तींपर्यंत पोचायला एकच ओळ मोठ्याने, चालीवर, मन हलेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायची. याला 'हित्पालुत' म्हणतात. हरिपाठ नुसता डोळ्यांनी वाचत नाहीत, म्हणतात, तसंच हे. गटाने बैठकीत यासाठीची दहा मिनिटं गाळू नयेत. लाज वाटते म्हणून सगळ्यात आधी हीच गाळली जातात.

बैठकीला 'वाआद' म्हणतात. पाच जणांना प्रत्येकी सात मिनिटं, म्हणजे ३५. उरलेल्या वेळात मोठ्याने वाचन आणि पुढचा नेम ठरवणं. वही वाचून दाखवायची नाही, एकच प्रसंग सांगायचा. दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही, फक्त 'मग तेव्हा काय वाटलं?' इतपत विचारायचं. सल्ला सुरू झाला की पुढच्या रविवारी लोक बरे दिसतील असेच प्रसंग निवडून आणतात. मुसारच्या नोवारदोक शाखेत गर्व मोडायला शिष्यांना औषधाच्या दुकानात खिळे मागायला पाठवत. असलं काही स्वतःहून करू नका, ते गुरूंच्या देखरेखीखालचं होतं.

शेवटचं, मनःशांतीच्या पहिल्याच आठवड्यासाठी. सलांतर यांच्याबद्दल सांगतात की ते जेवणाआधीच्या विधीला हात धुताना पाणी अगदी बेताचं घेत, कारण ते पाणी मोलकरणीला वाहून आणावं लागे. दुसऱ्याच्या खांद्यावर स्वतःची धार्मिकता त्यांना नको होती. नागपूरच्या उन्हाळ्यात तुम्ही दार लावून वहीशी बसलात आणि त्याच वेळी कूलरमध्ये बादल्या दुसरंच कोणी ओततंय, असं होत असेल, तर आधी कूलर भरा आणि मग वही उघडा. त्या रात्रीची पहिली नोंदही तीच करा: किती बादल्या लागल्या आणि आजवर त्या कोण ओतत होतं.