पॅटर्नला मराठीत काय म्हणायचं? नक्षी, बुट्टा, खण

प्रश्न: मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला १९३० च्या दशकात बांधलेल्या आर्ट डेको, म्हणजे भौमितिक सजावटीच्या शैलीतल्या, इमारती आहेत. २०१८ मध्ये त्या युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. त्यांच्या गॅलऱ्यांचे कठडे आणि जिन्याच्या खिडक्यांच्या जाळ्या मी वहीत उतरवते आणि त्यावरून सुती कापडाच्या छपाईसाठी डिझाइन्स करते. उगवत्या सूर्याचे किरण, लाटा, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी रेघ. या कामाबद्दल मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. पॅटर्नला काय म्हणू? 'आकृतिबंध' म्हटलं की मंजूर पदांचा सरकारी तक्ता डोळ्यांपुढे येतो.

उत्तर: सरळ 'नक्षी' म्हणा. नक्षी आणि नकाशा एकाच अरबी मुळातून आलेत, त्यामुळे शहरावरून केलेल्या कामाला हा शब्द शोभतो. मैदानाच्या पलीकडे विद्यापीठ आणि हायकोर्टाच्या टोकदार कमानी आहेत. त्यांना लावतो ती 'महिरप'ही अरबीच, मशिदीतल्या कमानदार कोनाड्याच्या 'मिहराब'वरून आलेली. कोरलेली, विणलेली, काढलेली, सगळी नक्षीच.

दुसरं उत्तर: नक्षी हवीच, पण एकटी पुरणार नाही. दारावरच्या गणेशपट्टीची नक्षी तिथल्या तिथे पुरी होते, कापडावरची पुन्हा पुन्हा येते. सूर्याचा एक अर्धगोल सुटा घेऊन अंतराअंतराने पेरलात तर तो बुट्टा, लहान असेल तर बुट्टी. पैठणीवाले हेच म्हणतात. आकृत्या एकमेकींत गुंतल्या, कुठली कुठे संपते ते कळेना, की ती जाळी.

नक्षीचा जो भाग असा पुन्हा पुन्हा येतो त्याला छपाईवाले 'रिपीट' म्हणतात. मी 'आवर्तन' लिहितो. तबल्याचं आवर्तन समेवर येतं तेव्हा मध्ये सांधा ऐकू येत नाही, इथे तो दिसता कामा नये. माझ्या पहिल्या स्क्रीनमध्ये, म्हणजे छपाईच्या जाळीच्या चौकटीत, लाटेची रेघ जोडावर जेमतेम एक सूत खाली उतरली होती. कागदावर कळलंही नाही. पाच मीटर छापल्यावर सगळ्या कापडभर पायऱ्या दिसायला लागल्या आणि लाट कुठे उरलीच नाही.

तिसरं उत्तर: ज्या चौकोनात एक आवर्तन मावतं, त्याला 'खण' म्हणून बघा. वाड्यात दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घर किती मोठं ते खणांवर सांगत. घर मोजायचा शब्द कापडाला लावायचा, तुमचं कामही तेच आहे.

दुसरं उत्तर, पुन्हा: बायका 'खण' वाचून चोळीचा खणच समजतील.

प्रश्नकर्ती: समजू देत, पहिल्यांदा वापरताना एका वाक्यात अर्थ सांगेन. 'खण' मला फार आवडला, कारण कठड्याचं चित्र काढताना मी दोन उभ्या गजांमधला भाग आधी मोजते आणि मग आत रेघा भरते. तर माझी पहिली ओळ अशी: 'या कापडाचा खण आठ इंचांचा, अंग फिकं पिवळं, त्यावर गॅलरीच्या कठड्यातल्या लाटांची निळी जाळी, जोड लाटेच्या खोलात लपवला आहे.'