स्वेटर-मफलरच्या पलीकडे काय विणता येईल?

लोकरवेडी
स्वेटर, मफलर, टोपरी, मोजे, सगळं विणून झालं. जाळी आणि वेणीचे नमुनेही हातात बसलेत. आता सुया चालत राहतात आणि डोकं रिकामं राहतं. पुढच्या ओळीत काय होणार याची उत्सुकता वाटेल असं काही सुचवा ना. बाहुल्या-प्राणी नकोत.

रोजची_ओळ
तापमानाचं पांघरूण. दर पाच अंशांना एक रंग ठरवायचा आणि त्या दिवशीच्या कमाल तापमानाच्या रंगाने एक ओळ विणायची. वर्षाच्या 365 ओळी. लोकरीची टोकं मात्र त्या त्या दिवशीच लपवत चला.

उलटसुलट
ताई, तुम्हाला हवंय ते सावलीच्या विणकामात मिळेल. 'इल्यूजन निटिंग' म्हणून शोधा. समोरून नुसते आडवे पट्टे दिसतात, जरा तिरकं पाहिलं की त्यातून चित्र वर येतं. मला याच्याइतकं सुंदर विणकाम दुसरं माहीत नाही.

एक गडद आणि एक फिका रंग घ्या, आलटून पालटून दोन-दोन ओळी. समोरची ओळ सगळी सुलट. खरं काम परतीच्या ओळीत आहे. जिथे तो रंग उठून दिसायला हवा तिथे परततानाही सुलट टाका घ्यायचा, बाकी सगळे उलट. त्या सुलट टाक्याचा उंचवटा समोरच्या बाजूला येतो. तिरक्या नजरेला उंचवटेच दिसतात, सपाट टाके त्यांच्याआड जातात. दुसऱ्या रंगाच्या वेळी नेमकं याच्या उलट करायचं. लोकर गुळगुळीत हवी. केसाळ लोकरीत उंचवटे बुजतात आणि मग चित्र दिसतच नाही.

गणितवाली
क्रोशे येत असेल तर आणखी एक. 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिन्या या गणितज्ञ बाईंनी हायपरबोलिक पृष्ठभाग (म्हणजे प्रत्येक ठिकाणी खोगिरासारखा वळलेला) चक्क क्रोशाने विणून दाखवला. कृती एका वाक्याची: दर तीन टाक्यांनंतर एक टाका वाढवा, शेवटपर्यंत. 20 टाक्यांनी सुरुवात केलीत तर दहा ओळींनंतर साडेतीनशेच्या आसपास होतात! इतके टाके सपाट मावणार कुठे? कापडाला आपोआप प्रवाळासारख्या चुण्या पडत जातात. सुयांवर एवढे टाके सांभाळणं कठीण, म्हणून क्रोशेच बरं.

लोकरवेडी
दोन्ही करणार! @उलटसुलट, सावलीत देवनागरी अक्षरं येतील का? नाव विणायचंय.

उलटसुलट
येतील की. चौकटींच्या कागदावर आखलेल्या नमुन्याच्या एका चौकटीला विणताना चार ओळी लागतात, त्यामुळे अक्षर उंच ताणलं जातं. कागदावर ते बुटकं आणि रुंद काढा. काना तीन-चार टाक्यांचा ठेवा आणि शिरोरेषेला दोन चौकटी द्या, एकाच चौकटीची रेघ पट्ट्यांत मिसळून जाते. वेलांटी सगळ्यात शेवटी आखा, ती किती वर जाते त्यावर एकूण ओळी ठरतात.