आरसी ट्रॅकला कुठली माती टाकू? वळणावर गाडी उलटतेय, मदत हवी आहे (तातडीने)

मागचं_अंगण
घरामागे आरसी (रिमोटवर चालणाऱ्या खेळातल्या) गाडीचा ट्रॅक केलाय. खणून, पाणी मारून, धुमसून. एक सरळ पट्टा, चार वळणं, मधे एक जंप. सरळ पट्टा संपला की गाडी वळणावर उलटते, नाहीतर बाहेर जाऊन कडेला आपटते. जंपवरून नाकावर पडते. वळणांत खड्डे पडतात, बुजवले की परत पडतात. चिकणमाती टाकू, मुरूम टाकू की दोन्ही मिसळून? प्रमाण सांगा. रविवारी भाचेमंडळी येणार आहेत आणि मी फोनवर बऱ्याच बढाया मारून ठेवल्यात. कृपया 'व्हिडिओ बघा' सांगू नका, बघून झालेत.

धुरळा
गाडी कुठली, स्केल काय (खऱ्या गाडीच्या कितवा हिस्सा), बॅटरी किती सेलची, जागा केवढी, कडेला काय लावलंय? हे कळल्याशिवाय मातीवर काय बोलणार?

मागचं_अंगण
फोर व्हील बग्गी आहे, चांगल्यातली. जागा पुरेशी आहे. प्रश्न मातीचा आहे.

धुरळा
चाकं चारच असणार हो. चारही चाकांना ओढ आहे की फक्त मागच्या दोन? आणि 'पुरेशी' म्हणजे किती मीटर?

नायट्रोनाना
इलेक्ट्रिक आहे ना? मग खड्डे पडणारच. ट्रिगर दाबला की सगळा टॉर्क एकदम चाकांवर, माती उचकटली जाते. नायट्रो (इंधनावर चालणारं) इंजिन हळूहळू जोर धरतं. शिवाय बॅटरी चार्ज होण्याची वाट बघायला नको, टाकी भरली की निघाली. इलेक्ट्रिक हे कालचं पोर आहे.

सेलमोजणी
कालचं पोर? १/१० इलेक्ट्रिक ऑफरोडची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ साली कॅलिफोर्नियात डेल मारला झाली. नाना, तुमच्या त्या मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या गाडीचा आवाज अंगणात सुरू झाला की शेजारी रविवारपर्यंतही थांबायचे नाहीत.
धागाकर्त्यांनो, लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी वापरत असाल तर खेळून झाल्यावर पूर्ण भरून ठेवू नका, प्रत्येक सेल साधारण ३.८ व्होल्टवर ठेवा. आणि खेळताना ३.२ च्या खाली उतरू देऊ नका.

मागचं_अंगण
बॅटरीबद्दल कोणी विचारलं? ठीक आहे, सगळं सांगतो, मग तरी मातीवर या. १/८ स्केल, ब्रशलेस मोटर, ४एस (चार सेलची) बॅटरी, चारही चाकांना ओढ. जागा ९ बाय ६ मीटर. कडेला विटा लावल्यात, एक पुढचा आर्म (चाक धरणारा दांडा) मोडून झालाय. माती घराचीच, थोडी रेताड.

धुरळा
आता चित्र दिसलं. ४एसवर अशी बग्गी ६० किमीच्या आसपास सहज जाते, म्हणजे सेकंदाला १६-१७ मीटर. तुमचा अख्खा सरळ पट्टा अर्ध्या सेकंदात संपतो. डोळ्यांनी वळण बघून बोटांनी ब्रेक मारेपर्यंत गाडी विटांत. इथे कुठलीही माती टाका, हेच होणार.
आणि विटा आजच काढा. कडेला मऊ आणि उतरती वस्तू हवी, म्हणजे चाक वर चढून परत खाली येईल. नालीदार प्लास्टिक पाइप मधोमध उभा कापा आणि पालथा ठेवून लांब खिळ्यांनी जमिनीत ठोका. खिळ्यांची डोकी वर राहू देऊ नका. सरळ पट्ट्यापुढच्या वळणाबाहेर तर काहीच ठेवू नका, मोकळी जागा सोडा.

पिनियनवाला
सोपा उपाय: कमी दातांचा पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) लावा. वेग उतरेल, मोटरही थंड राहील. फक्त पिच (दातांचं माप) जुळणारा घ्या, १/८ ला बहुतेक मॉड १ असतो.

धुरळा
अर्धंच बरोबर. पिनियन लहान केला की कमाल वेग कमी होतो, पण सुटतानाचा झटका वाढतो. यांचे खड्डे त्या झटक्यानेच पडतायत. आधी रिमोटवर थ्रॉटलचा पुढचा एंड पॉइंट (ट्रिगर पूर्ण दाबल्यावर किती जोर मिळेल ती मर्यादा) ४०-५० टक्क्यांवर आणा. ब्रेकचा वेगळा असतो, त्याला हात लावू नका. ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीत) पंच नावाची, सुटतानाच्या झटक्याची सेटिंग असेल तर तीही सगळ्यात खाली.

पिनियनवाला
एंड पॉइंट म्हणजे तात्पुरती मलमपट्टी. मी सगळ्या लहान ट्रॅकवर पिनियनच बदलत आलोय, गाडी हाताला छान लागते.

धुरळा
तुमचा हात बसलाय. इथे रविवारी रिमोट भाच्यांच्या हातात असणार.

सेलमोजणी
दोघांचं सोडा, २एस लावा. व्होल्टेज निम्मं, वेगही जवळपास निम्मा. आधी ईएससी किमान किती सेल घेतो ते बघा, काही मोठे ईएससी ३एसच्या खाली चालूच होत नाहीत. आणि एक खास गोष्ट: एंड पॉइंट कमी केल्यावर ईएससी पुन्हा कॅलिब्रेट करू (रिमोटशी जुळवू) नका. तो त्या कमी केलेल्या जागेलाच फुल थ्रॉटल समजेल आणि गाडी परत पूर्वीसारखी पळेल. मग लोक म्हणतात रिमोट बिघडला.

वीतभर_गाडी
९ बाय ६ मीटरमध्ये १/८ म्हणजे बादलीत मगर. विका ती. १/२८ घ्या, गाडी वीतभरही नसते, फोमच्या फरशा एकमेकांत अडकवल्या की घरातच ट्रॅक. धूळ नाही, माती नाही, ऊन-पाऊस नाही. इतक्या जागेत १/२८ चा ट्रॅक ऐसपैस होईल.

मागचं_अंगण
गाडी विकायची नाहीये!! आणि १/२८ ला जंप कुठून आणू? माती सांगा माती.

ओलसर
मी सांगते मातीचं. विकत आणण्याआधी आहे ती तपासा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर साबण पावडर, जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, गाळ एक-दोन तासांत, चिकण भाग बसायला दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. तीन थर दिसतील, त्यांची जाडी बघा. चिकण थर नुसती रेघ असेल तर वरच्या ७-८ सेंटीमीटरमध्ये चिकणमाती मिसळा. निव्वळ चिकणमाती टाकू नका, वाळली की भेगा पडतात आणि ओली झाली की घसरगुंडी. मुरूम तर नकोच. खडे टायरखालून उडतात, पिनियन आणि स्पर (त्याला लागून फिरणारं मोठं दातेरी चाक) यांमध्ये अडकले की दात गेले.
प्रमाणाचा आकडा देणार नाही, तो तुमच्या बरणीवर अवलंबून आहे. मिश्रण मुठीत दाबून बघा. गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. टोचल्यावर नुसता चेपला तर चिकण किंवा पाणी जास्त. गोळाच झाला नाही तर वाळू जास्त किंवा ओल कमी. दमट असतानाच थराथराने धुमसा, चिखल धुमसून काही होत नाही. जमिनीला एका बाजूला किंचित उतार द्या, मीटरला एक-दोन सेंटीमीटर पुरे, नाहीतर पाणी नेमकं वळणात साचेल. खेळण्याआधी हलका फवारा मारा.

मागचं_अंगण
शेवटी कोणीतरी उत्तर दिलं. धन्यवाद ताई. बरणी ठेवली आहे.

नायट्रोनाना
फवारा मारलेल्या ट्रॅकवर इलेक्ट्रिक चालवणार? ईएससीत पाणी गेलं की कळेल.

ओलसर
नाना, फवारा म्हणाले, पूर नाही.

धुरळा
जंपचं राहिलं. उडताना किंवा हवेत ट्रिगर सोडलात किंवा ब्रेक लागला तर नाक खाली जातं. चाकांचा वेग एकदम उतरला की त्याचा धक्का अख्ख्या गाडीला फिरवतो. हवेत जरा थ्रॉटल दिला की नाक वर येतं. सवय लागेपर्यंत दोन उंचवट्यांमधली दरी बुजवून सपाट माथा करा, म्हणजे कमी पडलेली गाडी माथ्यावर उतरेल. चढ २० अंशांच्या आसपास ठेवा, पुढचा उतार लांब आणि सौम्य. एवढं करूनही नाक पडलं तर मागचे शॉक (तेल भरलेले धक्काशोषक) फार झटकन उघडतायत का बघा, थोडं घट्ट तेल भरून पाहा.

ओलसर
आणि उभं कुठे राहता? ट्रॅकच्या मधोमध उभं राहून स्वतःभोवती फिरत चालवलं की डावं-उजवं गोंधळतं. बाहेर, जरा उंचावर, सगळा ट्रॅक दिसेल असं एकच ठिकाण ठरवा.

मागचं_अंगण
मधोमधच उभा राहतो, दुसरीकडे जागाच नाही. बरं, अपडेट: एंड पॉइंट ४५ वर आणला, विटा काढल्या. गाडी उलटणं जवळपास थांबलं. पण शेवटचं वळण अजून एका झटक्यात बसत नाही, मागे-पुढे करावं लागतं. बरणीत खाली जाड वाळू, वर पातळसा गाळ, त्यावरचं पाणी अजून गढूळच आहे. आता चिकणमाती किती?

धुरळा
सपाट जागेवर पूर्ण स्टिअरिंग देऊन गाडी हळू गोल फिरवा, त्या वर्तुळाचा व्यास मोजा. तुमचं वळण त्याहून मोठंच हवं. चार वळणांची तीन करा, हवं तर जंप काढा. रुंदी दीड मीटरच्या खाली नको, गाडीच ३० सेंटीमीटर रुंद आहे.

ओलसर
पाणी निवळू द्या, मग थर मोजा. घाई असेल तर घरच्या मातीच्या चार पाट्यांत एक पाटी चिकणमाती मिसळून फक्त एका वळणावर टाकून बघा. अख्खं अंगण उपसू नका.

मागचं_अंगण
जंप काढणार नाही. फोनवर जंपचंच सांगितलंय. ट्रॅक आठच्या आकड्याचा केला तर?

सेलमोजणी
एकटे चालवणार असाल तर छान, डावी-उजवी दोन्ही वळणं मिळतात. दोन गाड्या असतील तर मधल्या चौकात टक्कर ठरलेली. भाच्यांची पण गाडी आहे का?

मागचं_अंगण
हो. एकाची १/१० ट्रक आहे. ते सांगायचं राहिलं.

धुरळा
मग आठ नको.

नायट्रोनाना
ट्रक नायट्रो आहे का?