भांडी घासतानाचं पाणी आणि ते पत्र

एका प्रतिसादात कुणी विचारलंय, की खेड्यात प्रयोगशाळा नाही, मग भौतिक रसायनशास्त्रातलं कोणाला लिहून काय सांगणार? मला आग्नेस पॉकेल्स आठवल्या. जर्मनीत त्या काळी मुलींना विद्यापीठाचं दार बंद. घरचं सगळं सांभाळता सांभाळता त्यांनी पाण्याच्या पृष्ठताणाची, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो त्या ताणाची, मोजमापं केली. ७० सेंटिमीटर लांबीची पत्र्याची पन्हळ काठोकाठ भरायची, वर पत्र्याची पट्टी आडवी सरकवून तेलाचा थर दाबायचा आणि तराजूला टांगलेली छोटी गोल चकती पाण्यावरून उचलायला किती जोर लागतो ते बघायचं. जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी हे सगळं इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना जर्मनमध्ये लिहून कळवलं. रॅले स्वतः त्याच विषयावर काम करत होते. त्यांनी पत्राचा अनुवाद करवून 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाकडे धाडला, मार्चमध्ये तो छापून आला. हा मोठेपणा मला फार मोलाचा वाटतो.

स्वच्छ पाण्यावर कापराचे कण फिरतात आणि तेलाचा थर आला की थांबतात, हा रॅलेंचा प्रयोग तर आमच्या आर्वीकडच्या शाळेत झाला. पहिल्या दिवशी कापराचे कण हलेचनात, कारण परातीला तेलकट हात लागले होते. राखेनं घासून, खळखळून धुतली, तेव्हा ते गरगर फिरले. मग एका पोरीनं जवसाच्या तेलात बुडवलेलं सुईचं टोक पाण्याला नुसतं टेकवलं.

"सर, थांबले ना जी सगळे!"

ती आता वहीत तारीखवार नोंदी ठेवते. पुढच्या आठवड्यात करडईचं तेल घेणार आहोत. तुमच्याकडे कोणी करून बघितलं तर आकडे जरूर कळवा, मुलं उत्तर लिहितील.