वडिलांचे शेअर आजच विकून दान करावेत, की वाढू द्यावेत?

अमळनेरचा_मास्तर
आमच्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो कंपनी झाली. जुन्या मंडळींकडे तिचे शेअर असायचे, तसे वडिलांकडेही होते. ते गेल्या वर्षी गेले. त्यांतला आठेक लाखांचा हिस्सा धडगावकडे कुपोषित बाळांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यायचं आम्हा भावंडांचं ठरलंय. धाकटा म्हणतो, "दादा, बारा वर्षं थांब, चौपट देऊ." मला आजच द्यावंसं वाटतं, पण त्याचं म्हणणं खोडता येत नाही.

रावेरचा_केळीवाला
भावाचं बरोबर आहे, सर. वर्षाला १२ टक्के धरले तर सहा वर्षांत दुप्पट, बारा वर्षांत चौपट. बेंजामिन फ्रँकलिनने १७९० साली बोस्टन शहरासाठी हजार पौंड मागे ठेवले, २०० वर्षांच्या बोलीवर. १९९० पर्यंत त्याचे पन्नास लाख डॉलरच्या घरात झाले. अझीम प्रेमजींनी तरी शेअर एका दिवसात विकून वाटले का? २०१९ पर्यंत विप्रोची ६७ टक्के आर्थिक मालकी त्यांनी समाजकार्याला दिली, आणि काम त्या उत्पन्नावर चालतं. आम्ही बेणं विकून खात नाही. शिवाय उद्या घरात आजारपण आलं, तर दिलेलं परत मागता येतं का?

सातपुड्यातली_नर्स
मी अक्कलकुवा-धडगाव भागात नऊ वर्षं काढलीत. बाळाचा दंड मोजायची एक कागदी पट्टी असते. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. एका पाड्यावर सव्वा वर्षाच्या पोरीच्या दंडाला ती गुंडाळली, तर लाल भाग ओलांडेचना. आई पट्टीकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.
पोटात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत जी वाढ खुंटते, ती पुढे भरून काढणं फार अवघड. केळीवाले दादा, बारा वर्षांत तुमचे पैसे चौपट होतील. ती पोर तोवर आठवीत असायला हवी.

रावेरचा_केळीवाला
ताई, वाचून गलबलून आलं. पण बारा वर्षांनीही लाल पट्टीची पोरं असतील ना? तेव्हा एकीऐवजी चौघी वाचतील. त्यांचा जीव कमी मोलाचा का?

सातपुड्यातली_नर्स
नाही. पण औषधं, गाडीभाडं, पगार तेव्हा आजच्या भावाने मिळणार नाहीत. आणि जगलेली पोर शिकते, तिची पोरं सुदृढ निघतात. तीही वाढच आहे, ती हिशेबात का धरत नाही?

धुळ्याचा_सीए
एकाच कंपनीचा शेअर दरसाल १२ टक्के देईलच, हे कोण लिहून देणार? एक व्यवहाराचं: नव्या करप्रणालीत देणगीवरची करवजावट नाही. जुनीत आहे, पण २,००० रुपयांवर रोख दिलीत तर तिथेही मिळत नाही. चेकनेच द्या.

चोपड्याची_माहेरवाशीण
माझे वडील गावच्या वाचनालयाला दोन लाख द्यायचे म्हणत होते, "पुढच्या दिवाळीला". अशा सात दिवाळ्या गेल्या. ते गेल्यावर वाटणी झाली आणि वाचनालयाचं नावही कोणी काढलं नाही. मीसुद्धा नाही. ते अजून सलतं.

अमळनेरचा_मास्तर
नर्सताईंनी लिहिलेलं धाकट्याला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "चार आत्ता दे, चार राहू दे." मी सहावर अडून आहे. सोमवारी दोघं धडगावला जाऊन संस्थेचं काम आणि तीन वर्षांचे हिशेब बघतो. चेकबुक सोबत नेतोय.