मदत हवी आहे : टर्बो पेट्रोल गाडी, घाटात नॉकिंग आणि ऑक्टेन

नमस्कार मंडळी. माझी १.० लिटर, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी आहे, मॅन्युअल. ४२ हजार किलोमीटर झालेत. गेल्या रविवारी पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर, चौघं बसलेले, एसी चालू, भर दुपारचं ऊन. तिसऱ्या गिअरमध्ये १८०० आरपीएमला ॲक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज यायचा आणि गाडी दम सोडायची. दुसरा गिअर टाकला की आवाज बंद.

टर्बो इंजिनात जादा हवा दाबून भरतो, त्यामुळे सिलिंडरमधला दाब आणि तापमान वाढतं, पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप पेटू लागतं, यालाच नॉकिंग म्हणतात. नॉक सेन्सरला ते कळलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद कमी होते, एवढं मला माहीत आहे. टाकीच्या झाकणावर किमान ९१ ऑक्टेन लिहिलंय (ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल आपोआप पेटायला कठीण). मी साधंच पेट्रोल भरतो.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, १०० ऑक्टेन भरा. पण जे इंजिन ९१ साठी बनवलंय, त्याला १०० चा खरंच फायदा होईल का? की ९५ पुरे? इथेनॉलने ऑक्टेन वाढतो म्हणतात, मग २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलवरही हा आवाज का यावा? मला तर स्पार्क प्लग किंवा पिस्टनवरच्या कार्बनचा संशय येतोय. प्लग अजून एकदाही बदललेले नाहीत.

कुणी टर्बो गाडीत साधं आणि जास्त ऑक्टेनचं अशी दोन्ही पेट्रोल सलग दोन-तीन टाक्या वापरून पाहिलीत का? घाटात काय फरक जाणवला, तेवढं नक्की सांगा. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन महाबळेश्वरला जायचंय.