गावाचा सांस्कृतिक आराखडा करायचा आहे; सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (वाचनालयाचा कार्यवाह, फोंडा तालुका, गोवा)

सर्वांना नमस्कार. पुढील पाच वर्षांसाठी गावाचा कला व संस्कृतीविषयक आराखडा तयार करावा, असा ठराव आमच्या ग्रामसभेत झाला असून त्यासाठी नेमलेल्या समितीत मीही आहे. पहिल्याच बैठकीत मतभेद झाले. काही सदस्यांना सगळा निधी खुल्या रंगमंचावर आणि ध्वनियंत्रणेवर खर्च करायचा आहे, तर काहींना दरवर्षी तीन दिवसांचा महोत्सव हवा आहे. गावात दोन भजनी मंडळे आहेत, जत्रेला नाटक करणारे मंडळ आहे, तीन वाड्यांवर धालो, म्हणजे स्त्रियांचे पारंपरिक गीतनृत्य, खेळले जातात आणि शिगम्याला, म्हणजे होळीच्या उत्सवाला, ढोल-ताशांच्या गजरात नाचत जाणारी मिरवणूक, रोमटामेळ, निघतो. घुमट हे मातीच्या भांड्याचे, कातड्याने मढवलेले तालवाद्य वाजवणारे मात्र आता दोघेच उरले असून दोघांचीही साठी उलटली आहे. फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर आम्हांला जवळ असताना नव्या रंगमंचाची निकड खरोखर आहे का, आणि नसेल तर आराखड्यात आधी काय यावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त शिक्षक, उत्सवी नाटकांचे दिग्दर्शन)

आमच्या गावात रंगमंच आधी झाला आणि तालमीची जागा अजून झालेली नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. सभागृह चांगले बांधले, पण लग्नसमारंभांतून भाडे मिळते म्हटल्यावर मंडळाला ते केवळ प्रयोगाच्या दिवशी मिळू लागले. जत्रेच्या नाटकाला दोन-अडीच महिने तालमी लागतात आणि त्या दिवसभराचे काम आटोपून आलेली माणसे रात्री करतात. त्यांना प्रकाशयोजनेपेक्षा चार भिंती, एक पेटी, नेपथ्य ठेवायला कुलूपबंद खोली आणि अमुक वारी जागा मिळणारच ही खात्री अधिक हवी असते. आम्ही दोन वर्षे एका सदस्याच्या पडवीत तालमी केल्या. पावसाच्या झडीत तेही बंद पडले.

दुसरी गोष्ट शिकवणाऱ्याची. केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. दोघीही लहान गावांतून आल्या आणि पुढच्या तालमीसाठी दोघींनाही गाव सोडावे लागले. प्रत्येक गावाने थोर गायिका घडवावी असे मी म्हणत नाही, परंतु आठवड्यातून दोन संध्याकाळी तबला आणि पेटी शिकवणारा माणूस गावात आला, त्याचे मानधन पंचायतीने नियमित दिले, तर पाच वर्षांनी भजनी मंडळाला साथीदार बाहेरून आणावा लागणार नाही. महोत्सवाच्या एका रात्रीच्या मंडपावर होणारा खर्च आणि हे मानधन एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावे. कला अकादमीच्या भजनी स्पर्धेमुळे अनेक गावांतील मंडळे वर्षभर सरावात राहिली, हे मी जवळून पाहिले आहे. माणसे नियमित सरावाने टिकतात.

उत्तर (धालोच्या मांडावर खेळणारी, सत्तरी तालुका)

मास्तरांचे म्हणणे मला पटते. त्यात मांडाची, म्हणजे धालो खेळण्याच्या परंपरागत अंगणाची, भर घालते. धालो पौषात, रात्री, वाड्यावरच्या ठरलेल्या मांडावर होतात. मांड शेणाने सारवला जातो, तेथे देवतांना आवाहन होते, आणि समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहून आम्ही गातो. मांड बदलायचा नसतो. पुष्कळ ठिकाणी ही जागा भाटकाराच्या (जमीनदाराच्या) किंवा कोमुनिदादीच्या (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या) जमिनीत असते, तिची कागदोपत्री नोंद कोठेही नसते, आणि जमीन विकली गेली की नवा मालक कुंपण घालतो. आमच्या शेजारच्या वाड्यावर असेच झाले. तेथील स्त्रियांनी एक वर्ष रस्त्याच्या कडेला धालो केले, नंतर केलेच नाहीत. म्हणून आपल्या आराखड्याचे पहिले पान मांडांचा नकाशा असावे: प्रत्येक वाड्यावरचा मांड कोठे आहे, जमीन कोणाची आहे, तेथे जाण्याची वाट कोणती. मालकाशी आजच, सलोखा असतानाच बोलून लेखी संमती घ्यावी.

आणखी एक विनंती. धालो महोत्सवाच्या मंचावर आणताना त्या स्त्रियांना आधी विचारावे. फुगडी मंचावर शोभते आणि मुली ती आनंदाने करतात. धालोंतील काही भाग मात्र विधीचा आहे. तो दहा मिनिटांत बसवून प्रेक्षकांसमोर करणे आमच्यातील वयस्क बायांना रुचत नाही, तरीही कार्यक्रम ठरल्यावर सांगितले जाते म्हणून त्या गप्प राहतात. समितीत किती स्त्रिया आहेत, हे आपण लिहिलेले नाही. गाणी मुखोद्गत असणाऱ्या दोघीजणी तरी समितीत हव्यात, आणि बैठक त्यांच्या घरकामाच्या वेळेला नको.

उत्तर (पंचायतीच्या कामाचा अनुभव असलेला)

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येण्याजोगे 29 विषय आहेत आणि त्यांत ग्रंथालये व सांस्कृतिक कार्ये हे सलग दोन विषय आहेत. आराखड्याच्या प्रस्तावनेत हे लिहावे, म्हणजे ‘हे पंचायतीचे काम नव्हे’ असा आक्षेप आला तर उत्तर तयार असेल. त्याचबरोबर ठरावातील रक्कम अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवली नाही, तर ती वर्षअखेरीस गटारांच्या दुरुस्तीकडे वळते.

वेळापत्रकाचाही विचार करावा. ध्वनिप्रदूषणविषयक 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. उत्सवी नाटक उजाडेपर्यंत चालण्याची जुनी सवय असलेल्या गावाने हे आधीच ध्यानात घेऊन नाटक लवकर सुरू करण्याविषयी देवस्थान समितीशी बोलावे.

घुमटाविषयी विशेष कळकळीने सांगतो. 2019 साली त्याला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली, परंतु घोरपडीच्या कातड्यावर वन्यजीव कायद्याने बंदी असल्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरतात, आणि ते मढवणारा व मातीचे भांडे घडवणारा कुंभार हे दोघेही टिकले तरच वादक टिकेल. दहा घुमटे विकत घेऊन वाचनालयात ठेवा आणि त्या दोघा ज्येष्ठांना गणेश चवथीच्या आधीचे तीन महिने मुलांना घुमट आरतीसाठी शिकवायला सांगा. हे पुढच्या वर्षावर टाकू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. समितीत सात जणांपैकी एकच स्त्री आहे, हे येथे लिहिताना मला खरोखर वाईट वाटते. येत्या रविवारच्या बैठकीत आणखी तिघींना घेण्याचा प्रस्ताव मांडत आहे. वाचनालयाची मागची खोली तालमीसाठी मोकळी करता येईल. तीन मांडांपैकी एकाची जमीन विक्रीला निघाल्याचे कानावर आहे, म्हणून त्या भाटकारांना भेटायला मी व सरपंच उद्याच जात आहोत. अशा संमतीपत्राचा मसुदा कोणी पूर्वी केला असेल, तर कृपया येथे द्यावा.